साचा, कात आणि सोलीव माणूस

प्रश्न आला आहे: ‘फ्रेंच शिल्पकार उदोंच्या एकॉर्शेचे प्लास्टरचे साचे युरोपातले चित्रकार रेखाटत, असं वाचलं. इथे “साचा” बरोबर आहे का? एकॉर्शे म्हणजे काय? आणि चित्रकारांवर त्याचा परिणाम काय झाला?’

साफ चूक! पेणच्या गणपती कारखान्यातलं पोरही सांगेल, साच्यात ओततात आणि त्यातून मूर्ती निघते. पोकळ साच्यासमोर बसून कोण कशाला चित्र काढेल? ‘ओतीव प्रत’ म्हणा, विषय संपला. ‘साचा’ची नाळ ‘साच’शी, म्हणजे खऱ्याशी, जोडणारे पंडित आहेत. संस्कृतात साच्याला ‘संचक’ म्हणतात, हे त्यांच्या गावीही नसतं.

खरी गंमत एकॉर्शेत आहे. ज्याँ-आंत्वान उदोंने 1767 साली रोममध्ये संत योहानाच्या पुतळ्याची तयारी म्हणून बिनकातडीचा माणूस घडवला. उजवा हात पुढे लांबवलेला, त्यामुळे खांद्यापासून मनगटापर्यंत स्नायू न् स्नायू मोजून घ्यावा. काही जण याला खुशाल ‘सांगाडा’ म्हणतात. अहो, सांगाडा हाडांचा! हा मांसल गडी आहे, फक्त सोललेला. फ्रेंचमध्ये एकॉर्शेचा अर्थच तो. शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘कॉर्टेक्स’, म्हणजे झाडाची साल. त्याच्याही मागे कापण्याचा धातू, तोच आपला ‘कृत्’. त्यावरून ‘कृत्ति’ म्हणजे कातडं, म्हणून गजासुराचं कातडं पांघरणारा शंकर कृत्तिवास. सापाची कात आणि आपलं कातडंही मी याच घरातलं मानतो. ‘कातरणे’ तर सख्खा भाऊबंद. तेव्हा मराठीत एकॉर्शेला ‘सोलीव’ म्हणावं. कोरीव, ओतीव, तसा सोलीव. वालाला चालतो तो शब्द माणसाला का चालू नये?

हां, चित्रकार राहिलेच. उदोंच्या सोलीवाच्या ओतीव प्रती कलाशाळांमधून पोचल्या. प्लास्टर पांढरं, हलत नाही, मजुरी मागत नाही. छायाप्रकाश शिकायला उत्तम. पण त्यात रंगच नाही, म्हणून त्यावरच हात बसलेल्यांची माणसं दगडी दिसतात. फ्रेंच चित्रकार सेझान मात्र वस्ताद. लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहातल्या त्याच्या 1894च्या सुमाराच्या स्थिरचित्रात पुढे प्लास्टरचा मदनबाळ उभा आहे आणि मागे वरच्या कोपऱ्यात एक सोलीव दिसतो. तो उदोंचा नव्हे. त्या काळी तो मायकेलअँजेलोच्या नावावर खपत असे.