दोन सावत्र बहिणी आणि एक भूत : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कौटुंबिक भूतकथा लिहू पाहणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच कथाबीजाभोवती फिरत असल्याचे दिसले : आईवडिलांच्या दुसऱ्या लग्नामुळे एका छपराखाली आलेल्या दोन मुली, गावाबाहेरचे जुने घर आणि त्या घरात आधीपासून असलेले कोणीतरी. त्यामुळे या वेळी केवळ याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या कथेत एक विधुर गृहस्थ आणि एक घटस्फोटित स्त्री लग्न करतात आणि आपापल्या मुलीला घेऊन गावाबाहेरच्या जुन्या घरात राहायला जातात. थोरली सोळा वर्षांची आहे, धाकटी तेरा. रात्री माळ्यावर पावले वाजतात, दारे आपोआप उघडतात. मुलींचे सुरुवातीला अजिबात पटत नाही, पण पुढे भुताच्या भीतीने त्या जवळ येतात. ज्यांना कथा वाचायला दिली त्या सर्वांनी ‘छान आहे, पण भीती वाटली नाही’ असे सांगितले. नेमके काय कमी पडते आहे?

उत्तर : आपल्या पत्रात घराचे वर्णन आहे, मुलींची वये आहेत, आवाजांची तपशीलवार यादी आहे, मात्र भूत कोणाचे आहे हे कोठेच लिहिलेले नाही. जे भूत दोघींनाही सारखेच परके आहे, त्याला त्या दोघींनी सारख्याच रीतीने घाबरावे हे ओघाने आलेच, आणि मग त्या सावत्र बहिणी असण्याला कथेत काही कामच उरत नाही. त्यांच्या जागी दोन मैत्रिणी ठेवून पाहा. कथा जशीच्या तशी चालते, आणि हीच तिची अडचण आहे.

आता त्या माळ्यावरची पावले विधुर गृहस्थांच्या पहिल्या पत्नीची, म्हणजे थोरलीच्या आईची आहेत असे समजा. तेच आवाज एकदम दोन अर्थांनी ऐकू येऊ लागतात. थोरलीला वाटते, आई परत आली. धाकटीला वाटते, आपल्याला इथून घालवायला कोणीतरी आले. थोरली रात्री माळ्याच्या दाराची कडी काढून ठेवते आणि धाकटी ती पुन्हा लावते. कडीवरून दोघींची जी अबोल झटापट सुरू होते, ती दार आपोआप उघडण्यापेक्षा कितीतरी जास्त भीतिदायक आहे, कारण आता धाकटीला फक्त भुताची धास्ती उरलेली नाही. शेजारच्या पलंगावर झोपलेली मुलगी भुताच्या बाजूची आहे, हे तिला कळलेले आहे.

याहून कठोर अशी दुसरी वाट आहे आणि मला स्वतःला ती अधिक पसंत आहे. थोरली रात्रीमागून रात्री आईची वाट पाहत जागी राहते आणि आई मात्र जाते धाकटीकडे. समजा, त्या घराच्या दाराच्या चौकटीवर थोरलीच्या उंचीच्या खुणा आहेत, आईने दर वाढदिवसाला पेन्सिलीने केलेल्या, तिच्या अक्षरातल्या तारखांसह. आईच्या मृत्यूच्या वर्षी त्या थांबलेल्या आहेत. एके सकाळी तिथे नवी खूण दिसते, त्याच अक्षरात, आणि ती धाकटीच्या उंचीची असते. थोरलीला आता आई दुसऱ्यांदा गमवावी लागते, तीही जिचा आधीच राग आहे अशा मुलीपायी. धाकटीने काही केलेले नाही, तरीही तिला ते नाकारता येत नाही. हा प्रसंग सख्ख्या बहिणींच्या कथेत घडूच शकत नाही, म्हणून तो आपल्या कथेचा आहे.

घर कोणाच्या नावावर आहे हेही ठरवून टाका. ते पहिल्या पत्नीच्या माहेरचे असेल, तर त्या घरात सोळा वर्षांची मुलगी खरी वारस ठरते आणि तिचे वडीलसुद्धा एका अर्थाने पाहुणे ठरतात. मग नव्या पत्नीने भिंतीवरची तसबीर काढली, कपाट रिकामे केले, खोलीचा रंग बदलला, तर त्या प्रत्येक कृतीला वजन येते. भुताने काय करावे याचा विचार थोडा कमी करून, त्याच्या वस्तूंचे जिवंत माणसे काय करतात याचा थोडा अधिक करावा, असे सुचवतो.

मुली भीतीने जवळ येतात हे आपले सूत्र मी पूर्ण टाकून देणार नाही, पण ते इतक्या लवकर येऊ नये. कोणी काही सोडल्याशिवाय त्या जवळ येऊ लागल्या, तर वाचकाचा विश्वास बसत नाही.

प्रश्न : भूत खरोखर आहे असे दाखवावे, की तो मुलींच्या मनाचा खेळ ठेवावा? दोन्ही शक्यता शेवटपर्यंत खुल्या ठेवल्या तर वाचकाला फसवल्यासारखे वाटेल का?

उत्तर : या प्रश्नाची चर्चा हेन्री जेम्स यांच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’शिवाय होत नाही. 1898 साली प्रसिद्ध झालेल्या त्या लघुकादंबरीत एका एकाकी ग्रामीण प्रासादात दोन भावंडांचा सांभाळ करणाऱ्या शिक्षिकेला मेलेली माणसे दिसतात. ती खरोखर आहेत की तिचा भ्रम आहे, याचा निवाडा लेखकाने केलेला नाही. 1934 साली एडमंड विल्सन या समीक्षकाने ती भुते शिक्षिकेच्या मनातली आहेत असा पक्ष मांडला आणि त्यावरचा वाद दीर्घकाळ चालू राहिला. पुढे 1970 साली त्स्वेतान तोदोरोव या साहित्यसमीक्षकांनी अद्भुत साहित्याची व्याख्याच वाचकाच्या या दोलायमान अवस्थेवर उभी केली : घटनेचा उलगडा निसर्गनियमांनी होतो की होत नाही, हे ठरत नाही तोवरच ते अद्भुत असते. तेव्हा शक्यता खुल्या ठेवणे ही फसवणूक नव्हे. लेखकालाच ठरवता आले नाही म्हणून त्या खुल्या राहिल्या असतील तर मात्र वाचकाला ते लगेच जाणवते.

आपल्याकडे एक सोय आहे जी जेम्स यांच्या शिक्षिकेकडे नव्हती. साक्षीदार एकच असेल तर शंका तिच्या मनाविषयी येते. साक्षीदार दोन असतील आणि त्यांचे एकमेकींशी पटत नसेल, तर शंका येते ती दोघींपैकी खोटे कोण बोलते आहे याविषयी. मनोविकाराच्या चर्चेपेक्षा खोटेपणाचा संशय गोष्टीला फार उपयोगी पडतो, कारण संशय घेणाऱ्याला काहीतरी करावे लागते : पाळत ठेवावी लागते, जिन्यावर पीठ पसरावे लागते, दाराला दोरा बांधावा लागतो.

इतिहासात याचे एक बोलके उदाहरण आहे. 1848 साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या वस्तीतल्या एका लहानशा घरात मॅगी आणि केट या फॉक्स भगिनींच्या खोलीतून टकटक असे आवाज येऊ लागले आणि ते मृतात्म्याचे आहेत असे सांगण्यात आले. वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या लिया या बहिणीने त्या मुलींच्या जाहीर बैठकांची सूत्रे हाती घेतली आणि त्यातून मृतात्म्यांशी संवाद साधण्याचा एक मोठा पंथच उभा राहिला. 1888 साली मॅगीने भर सभेत बुटाशिवाय पायाची बोटे कडाडवून ते आवाज काढून दाखवले. त्या कबुलीमागे थोरल्या बहिणीशी विकोपाला गेलेले भांडणही होते. पुढच्याच वर्षी मॅगीने ही कबुली मागे घेतली. या बहिणी सख्ख्या होत्या, पण आपल्या विषयाला हवे ते सारे इथे आहे. चाळीस वर्षे टिकलेले ते भूत बहिणी दुरावल्या तेव्हा उघडे पडले. माझा सल्ला असा, की आपल्या कथेतील एका मुलीने एकदा तरी, फक्त एकदाच, मुद्दाम आवाज काढावा, आणि ते दुसरीला कळावे. त्यानंतर खरा आवाज आला तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : शेवटी सर्व आवाज आणि भास घर उबदार ठेवणाऱ्या बिघडलेल्या भट्टीतून येणाऱ्या विषारी वायूमुळे होते असे दाखवण्याचा माझा विचार आहे. हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहे का, आणि कथेच्या दृष्टीने योग्य आहे का?

उत्तर : शक्य आहे. 1921 साली विल्यम विल्मर या नेत्रतज्ज्ञाने एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. जुन्या घरात राहायला गेल्यावर त्या मंडळींना पावलांचे आवाज ऐकू येऊ लागले, अनोळखी आकृती दिसू लागल्या, डोकेदुखी आणि थकवा पाठ सोडेना, मुले निस्तेज दिसू लागली, इतकेच नव्हे तर घरातील झाडेही मरू लागली. तपासणीत भट्टी सदोष असल्याचे आढळले : तिचा धूर धुराड्यातून बाहेर न जाता घरातच पसरत होता. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे मेंदूला प्राणवायू कमी पडतो. (कथा बाजूला ठेवून सांगायचे तर, एखाद्या बंदिस्त घरात पावलांच्या आवाजांबरोबर सर्वांचे डोकेही दुखू लागले, तर मांत्रिकाच्या आधी शेगडी आणि गिझर तपासणाऱ्याला बोलवावे.)

कथेच्या दृष्टीने मात्र हा शेवट अपुरा आहे. वायूने भास का झाले ते कळते, पण एकीला आईचा आवाज आणि दुसरीला धमकी का ऐकू आली, ते कळत नाही. शिवाय शेवटच्या पानावर भट्टी आणली तर ते सरळसरळ हात झटकणे होईल. सुकलेली झाडे, सकाळचे जड डोके, घराबाहेर पडताच वाटणारा मोकळेपणा या खुणा पहिल्या काही पानांतच सहज पेरलेल्या हव्यात. आणि भट्टीचा उलगडा कथेच्या मध्यावर आणून पाहा : दुरुस्ती होते, डोकेदुखी थांबते, धाकटी सुटकेचा श्वास टाकते, आणि थोरली भट्टी पुन्हा नादुरुस्त करण्याच्या खटपटीला लागते, कारण आईचा आवाज बंद झालेला आहे. इथे भुताची गरजच उरत नाही, तरी भीती वाढते.

प्रश्न : अशा कथेत सावत्र आई दुष्ट असणे टाळावे का?

उत्तर : टाळावे. नैतिक कारणासाठी नव्हे, तर त्या पात्राची पुढची प्रत्येक चाल वाचकाला आधीच ठाऊक असते म्हणून. सावत्र आईला हे काम परंपरेने किती सोयीने दिले आहे, ते ग्रिम बंधूंच्या संग्रहात पाहता येते : 1812 च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा छळ करणारी स्त्री तिची सख्खी आई होती, 1819 च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. कोरियातील जांगह्वा आणि होंगर्योन या दोन बहिणींच्या जुन्या लोककथेतही सावत्र आईच्या कपटाने मुलींचा जीव जातो, आणि त्यांची भुते न्याय मागायला ज्या ज्या अधिकाऱ्यासमोर उभी राहतात तो तो भीतीने मरतो. शेवटी एक जण धीराने त्यांचे म्हणणे ऐकून घेतो. या कथेवर आधारलेला किम जी-वून यांचा 2003 चा चित्रपट पाहिला असेल, तर दुष्ट सावत्र आईच्या त्याच साच्याशी किती वेगळे खेळता येते हे आपल्या ध्यानात आले असेलच. आपल्या कथेत मी सावत्र आईला प्रामाणिक आणि थोडी दमलेली ठेवीन, आणि संशयाचा काटा वडिलांकडे वळवीन. त्यांनाही पावले ऐकू येतात आणि ते ऐकू न आल्याचे सांगतात. का, हे मुलींनी शोधावे.

प्रश्न : भूत शेवटी निघून जावे की राहावे?

उत्तर : धाकटा प्लिनी या प्राचीन रोमन लेखकाच्या पत्रांत अथेन्समधील एका पछाडलेल्या घराची गोष्ट आहे. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ ते घर मुद्दाम भाड्याने घेतो. रात्री साखळ्या खळखळवत आलेल्या भुताला तो हातानेच ‘थांब’ म्हणतो आणि आपले लेखन चालू ठेवतो. मग भूत अंगणात जिथे नाहीसे होते तिथे खणल्यावर बेड्यांत जखडलेली हाडे सापडतात, त्यांचे विधिवत दफन होते आणि घर शांत होते. भुताला काहीतरी हवे असते आणि ते मिळाले की ते जाते, हा नमुना सुमारे एकोणीसशे वर्षे असा टिकून आहे. आपल्याला तो वापरायचा असेल तर भुताची मागणी अशी असावी, की ती पुरी करण्यात एका मुलीचे नुकसान आहे. हाडे पुरून दोघीही सुखी झाल्या, तर सुरुवातीपासून साधलेला ताण वाया गेला असे समजा.

प्रश्न : कथा कोणी सांगावी? दोघींनी आळीपाळीने सांगितली तर?

उत्तर : आळीपाळीने सांगण्याचा प्रकार या बीजाला मारक आहे. दोघींची मने उघडी पडली की कोण खोटे बोलते आहे हा प्रश्नच संपतो. धाकटीला सांगू द्या. ती घरात नवी आहे, कोणते दार कुठे उघडते हे तिला वाचकाबरोबरच कळत जाते, आणि थोरलीच्या मनात काय चालले आहे ते तिला ओळखता येत नाही. फक्त तिला मोठेपणी मागे वळून आठवणी सांगायला लावू नका. ती सुखरूप वाचली, हे मग पहिल्याच ओळीत कळून जाते.