धान्याची चित्रं घेताय? आधी आमच्या 'कोकणा'चं काय झालं ते वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळाच आला. कॉलनीतल्या तीसेक जणांचं 'अन्न' या विषयावरचं प्रदर्शन, ऑगस्ट महिना, भाड्याचा हॉल, आणि वर प्रश्न की सात-आठ जणांनी खरं धान्य चिकटवून चित्रं केली आहेत, ती घ्यावीत का. आम्ही काही वर्षांपूर्वी अगदी हेच केलं होतं. फक्त आधी कुणाला विचारलं नव्हतं.

पत्रिका, दिवे, उद्घाटक वगैरेबद्दल लिहीत नाही, ते तुम्ही बघालच. धान्याचं तेवढं सांगते.

आमच्याकडे एका आजींनी चार फुटी प्लायवर महाराष्ट्राचा नकाशा केला होता. कोकणात तांदूळ आणि कडेने नाचणी, सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी, नगरच्या बाजूला बाजरी, विदर्भात तूर. दाणा दाणा चिमट्याने लावलेला. अख्ख्या प्रदर्शनात त्याच्याइतकं देखणं काही नव्हतं, म्हणून दारासमोरच टांगलं. चिकटवायला मैद्याची खळ. बाइंडिंगवाले खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात ते उगाच नाही, पण नातवंडं मदतीला होती, मोरचूद विषारी, म्हणून आजींनी तो वगळला. ते बरोबरच केलं. चूक माझी. 'धान्य निवडलंय ना?' एवढंच मी विचारलं. निवडून काय होतंय? सोंड्याची अंडी दाण्याच्या आत असतात, वरून दाणा स्वच्छ. दमट, उबदार हवेत महिनाभरात किडा बाहेर येतो. नकाशा जुलैच्या सुरुवातीला झाला, प्रदर्शन ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. हिशेब तुम्हीच करा.

पहिल्या दिवशी रात्री साडेआठला हॉल बंद करताना एक लहान मुलगी म्हणाली, "काकू, कोकण हलतंय." आम्ही हसलो. जवळ जाऊन बघितलं तर रत्नागिरीच्या आसपास खरंच हलत होतं.

म्हटलं, सकाळी लवकर येऊन उतरवू. इथून पुढे हॉलचं कार्यालय. नाव घेत नाही, आमच्या गावातले ओळखतील. पावतीवर चार दिवस, पैसे चार दिवसांचे. पण दुसऱ्या दिवशी स्थानिक सुट्टी आणि तिसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सकाळी गेलो तर कुलूप. वॉचमन भला माणूस, पण म्हणाला, साहेबांचा फोन आल्याशिवाय कुलूप निघणार नाही. साहेब गावाला. दोन दिवस आम्ही खिडकीच्या जाळीतून आपलंच प्रदर्शन बघत होतो!

रविवारी दार उघडलं तेव्हा सोंडे पडद्याच्या चुण्यांपर्यंत पोचले होते. मराठवाडा उंदराने खाल्लेला. शेजारच्या फणसाच्या जलरंगातल्या चित्राचा कोपराही कुरतडलेला, आणि त्या चित्रकाराला काय तोंड दाखवायचं ते मला अजून सुचलेलं नाही. दहा हजारांचं डिपॉझिट अडकलं. पावतीच्या मागे बारीक अक्षरात 'खाद्यपदार्थ आणण्यास मनाई' होतं. मी म्हटलं, अहो, ते चित्र आहे. तर टेबलापलीकडून उत्तर आलं, "अर्जात विषय अन्न असं तुम्हीच लिहिलंय, मॅडम." यावर काय बोलणार? अकरा खेपा घातल्या. शेवटी अडीच हजारांचा चेक मिळाला, त्यावरही मंडळाचं नाव चुकलेलं. असो. रक्तदाब वाढतो.

तर माझं मत, आणि मी कीटकतज्ज्ञ नाही हे धरून चाला: धान्याची चित्रं घ्या, पण चित्र पूर्ण झाल्यावर नव्हे, सुरू होण्याआधी बोला. दाणे कोरडे भाजून गार केलेले हवेत, किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवलेले. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दाण्यांना पाणी सुटतं. खळ नको, पांढरा फेविकॉल चालतो. तयार झालेली चित्रं असतील तर काच लावून मागून कागदी टेपने बंद करा, आणि तरीही जलरंगांपासून लांब टांगा. कुणी ऐकत नसेल तर चित्राचा मोठा फोटो लावा. वाईटपणा येतो, येऊ दे.

कुणीतरी नक्की म्हणेल, वारली चित्रं तांदळाच्या पिठानेच काढतात की! हो, पण गेरूने सारवलेल्या भिंतीवर, लग्नघरात. ती वर्षानुवर्षं काचेत जपायची म्हणून काढलेली नसत. आणि कुणी त्या भिंतीला टेपने चिकटवलेल्या केळ्याचं उदाहरण देईल. मॉरिझिओ कॅटलान या इटालियन कलाकाराने ते 2019 मध्ये मायामीला एका कलामेळ्यात लावलं, 2024 मध्ये लिलावात 62 लाख डॉलरना गेलं. पण विकत घेणाऱ्याला मिळतं ते प्रमाणपत्र आणि केळं बदलत राहण्याच्या सूचना. खरा पदार्थ मांडायचा तर रोज बदलणारा माणूस नेमा. आमच्याकडे तसा माणूस म्हणजे मीच असते, म्हणून मी नाही म्हणते.

हॉलच्या अर्जात विषय लिहिताना 'चित्रप्रदर्शन' एवढंच लिहा, हा माझा आगाऊ सल्ला. खोटं नाही ते. पण नियम वाचून, तुमच्या जबाबदारीवर.

आणखी एक, न विचारलेलं. सगळे जण थाळीच काढतील. वाटीत आमरस, बाजूला पुरी. आमच्याकडे अकरा थाळ्या आल्या होत्या. आधीच सांगा की रेशनची रांग, मेसचा डबा, चुलीच्या धुराने काळी झालेली भिंत हेही अन्नच. बंगालच्या 1943 च्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद मिदनापूरच्या गावांतून हिंडून भुकेल्या माणसांची चित्रं काढत होते. त्या चित्रांच्या पुस्तिकेच्या बहुतेक प्रती इंग्रज सरकारने नष्ट केल्या. पुढे ते मुंबईत, अंधेरीला राहिले. मोठ्या मुलांना ही चित्रं जरूर दाखवा. लहानांना आर्चिंबोल्दो या जुन्या इटालियन चित्रकाराचा भाज्या-फळांचा बनवलेला राजा दाखवा, ती तासभर गप्प बसतात.

घराघरांतून पुरणयंत्र, सोऱ्या, अडकित्ते मागवणार असाल तर आतल्या बाजूला मालकाचं नाव आणि फ्लॅट नंबर चिकटवा. आमच्याकडची दोन पुरणयंत्रं अजून एकमेकींच्या घरी आहेत आणि दोघींनाही आपलीच वाटतात.

बाकी निवांत करा. पण तुमच्या तारखांत सुट्टी येते का आणि त्या दिवशी चावी कुणाकडे असते, हे आजच हॉलवर जाऊन विचारा. तोंडी नको, पावतीवर लिहून घ्या, सहीशिक्क्यासकट.