घासून धुतलेल्या पाइपला कालवं का धरत नाहीत

तुम्ही लिहिलंय की गोव्यात झुआरी नदीच्या काठी प्लास्टिकचे नवे पाइप ब्लीचने घासून टांगले, दोन महिने झाले तरी कालवाचं (ऑयस्टरचं) एक पिल्लू लागलं नाही. आणि चार हातांवरचा शेजाऱ्याचा जुना खांब मात्र कालवांनी भरलाय. पिल्लं प्रवाहाबरोबर येतात, चिकटली तर नशीब, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. हे अर्धंच खरं आहे.

भरती-ओहोटीपुढे त्या जिवाचं काही चालत नाही, हे खरं. कालवाचं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतं. बसायच्या वयाला येतं तेव्हाही ते मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच असतं. खाडीत कुठवर पोचायचं, हे बहुतेक पाणीच ठरवतं. त्याला फार तर वर-खाली होता येतं. पण पृष्ठभागाजवळ आल्यावर कुठं बसायचं, हे ते स्वतः ठरवतं. आणि ते चोखंदळ असतं.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बार्नॅकलमध्ये, म्हणजे होडीच्या बुडाला आणि मानशीच्या (खाडीच्या बांधातल्या झडपेच्या) दारांना जे पांढरे, धारदार खडे लागतात त्यांच्यात. त्याच्या शेवटच्या अवस्थेला सायप्रिड म्हणतात. सायप्रिड काही खात नाही, साठवलेल्या शिदोरीवर जगतं आणि त्याला एकच काम असतं, जागा शोधणं. डोक्याकडच्या दोन मिशा पायांसारख्या टेकत ते चालतं, थांबतं, वळतं, नाही पटलं तर सोडून पोहत जातं. प्रत्येक पावलाला चिकट प्रथिनाचा बारीक ठसा मागे राहतो आणि मागून येणाऱ्या सायप्रिडला तो ठसाही 'इथं बस' असं सांगतो. 1953 साली नाइट-जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवलं की स्वतःच्या जातीच्या बार्नॅकलांचा स्पर्श झाला की सायप्रिड तिथं बसायला लवकर तयार होतात. त्यामागे कारण आहे. एकदा चिकटलेलं बार्नॅकल आयुष्यात हलत नाही आणि त्याचं मीलन शेजाऱ्याशीच होतं. एकटं पडलं तर बहुतेकांचा वंशच थांबतो. मला या विषयातली ही सगळ्यात हृद्य गोष्ट वाटते: धुळीएवढा जीव शेजार बघून घर बांधतो.

शिदोरी संपत आली की मात्र सायप्रिड फार चिकित्सा करत नाही, मिळेल तिथं बसतं. तुमच्या पाइपांवर कालवं नसून चार-दोन बार्नॅकलं दिसत असतील तर त्यातली काही अशी असू शकतील.

कालवाचं तसंच, फक्त पद्धत वेगळी. मोठ्या कालवांमधून पाण्यात उतरणारी द्रव्यं जाणवली की पिल्लाचं पोहणं मंदावतं आणि ते खाली वळतं. मग एक छोटा पाय बाहेर काढून पृष्ठभाग चाचपतं. जागा पटली की सिमेंटसारखा द्रव सोडून डावा शिंपला कायमचा चिकटवतं. त्यानंतर तो पाय विरघळून जातो. परतीची वाट नाही, म्हणून एवढी पारख.

आता तुमच्या ब्लीचकडे येतो, कारण पहिली चूक मला तिथंच दिसते. समुद्रात ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. हाताला तो घाण वाटतो, पण पिल्लांसाठी तीच खूण आहे. इंग्लंडमधल्या प्लिमथमध्ये डग्लस विल्सन या शास्त्रज्ञाने ओफेलिया नावाच्या, वाळूत राहणाऱ्या समुद्री किड्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. आम्लाने साफ केलेली वाळू त्या पिल्लांना नकोशी झाली. समुद्राच्या पाण्यात राहून जिवाणू परत धरले, तशी ती पुन्हा आवडू लागली. तुम्ही पाइप घासलेत तेव्हा हीच खूण पुसलीत. दोन महिन्यांत ती परत धरली असेल, पण शेजाऱ्याच्या खांबावर तिच्या जोडीला जुनी कालवंही आहेत.

पाइप फेकू नका, पण माझा भरवसा जुन्या शिंपल्यांवर आहे. कालवांचे रिकामे शिंपले भोक पाडून सुतळीत ओवा, किंवा जुन्या मंगळुरी कौलांना चुन्याचा लेप द्या. माळ शेजाऱ्याच्या खांबाजवळच, सावलीत लोंबू द्या. पिल्लं बसायच्या हंगामाच्या आठवडाभर आधी पाण्यात सोडली की पुरे. महिनाभर आधी सोडाल तर बार्नॅकलं जागा अडवतात आणि गाळ बसतो. हात लावून बघा: बुळबुळीत लागलं तर ठीक, चिखल लागला तर झटकून पुन्हा टांगा. पावसाळ्यात हा खटाटोप करू नका, नदीचं गोडं, गढूळ पाणी वर येतं. पाऊस ओसरून पाणी खारट झालं की सुरुवात करा.

दर पंधरा दिवसांनी ओहोटीला एक माळ वर काढून शिंपल्याच्या आतल्या, गुळगुळीत बाजूकडे बघा. पिल्लू पहिल्यांदा तिथंच ओळखू येतं, नखाने खरवडून निघणार नाही असा तपकिरी ठिपका. तसे ठिपके दिसले की किती आणि कोणत्या बाजूला, ते मला कळवा.