विज्ञानकथेतल्या व्हॅम्पायर चित्रपटांवर लोक इतका जीव का टाकतात?

तुमचं म्हणणं असं, की व्हॅम्पायर हा शापाचा, अंधाराचा, जुन्या गढ्यांचा जीव. त्याला अंतराळयानात बसवलं किंवा रोगजंतूंचं कारण जोडलं की त्यातलं गूढ संपतं. त्यात हे चित्रपट बहुतेक कमी पैशांत काढलेले, पडद्यावर पुठ्ठा चक्क पुठ्ठ्यासारखा दिसतो. मग त्यांचे चाहते ते इतकी वर्षं जपून का ठेवतात, हा तुमचा प्रश्न.

मी त्या चाहत्यांपैकीच आहे, आणि माझा अनुभव तुमच्या अगदी उलट आहे. कारण कळलं की व्हॅम्पायर जास्त भयंकर होतो. शापावर उतारा असतो. क्रूस असतो, मंतरलेलं पाणी असतं, प्रार्थना असते. जो नुसता भुकेला आहे त्याच्यावर कसला उतारा? त्याचं तुमच्याशी वैर नसतं. तुमचं रक्त मिळालं नाही तर तो मरेल, एवढीच गोष्ट असते. अशा जिवाचा द्वेष करणंही अवघड होऊन बसतं.

विज्ञान आणि व्हॅम्पायर यांची गाठ तशी जुनीच. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी 1897 ची. तिच्यात गढी आहे, लांडगे आहेत, पण टंकयंत्र आणि फोनोग्राफही आहे, आणि ड्रॅक्युलाने चावलेल्या ल्युसीला वाचवण्यासाठी एकामागून एक चार पुरुषांचं रक्त तिला चढवलं जातं. कार्ल लँडस्टायनरने रक्तगटांची मांडणी केली ती 1901 मध्ये. म्हणजे त्या कथेतले डॉक्टर केवढा धोका पत्करत होते हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि स्टोकरलाही. त्या कादंबरीत विज्ञान व्हॅम्पायरच्या विरोधात उभं आहे. पुढे विसाव्या शतकात ते त्याच्या शरीरातच शिरलं.

हे काम सगळ्यात ताकदीने केलं रिचर्ड मॅथेसनने, 1954 च्या ‘आय अ‍ॅम लीजंड’ या कादंबरीत. साथीने सगळं जग व्हॅम्पायर झालंय, एकच माणूस निरोगी उरलाय, आणि तो सूक्ष्मदर्शक मिळवून, पुस्तकं वाचून रोगाचा जंतू शोधत बसतो. लसणाने काय होतं, लाकडी मेख ठोकल्यावर शरीरात काय घडतं, ऊन का सोसत नाही, अशा एकेका समजुतीचा तो छडा लावतो. क्रुसाबद्दल त्याला जे सापडतं ते मला फार आवडतं. क्रुसाची भीती जंतूंमुळे येत नाही, ती मनात असते. त्यामुळे जो हयातीत ज्यू होता त्याच्यावर क्रुसाचा काही परिणाम होत नाही, तो बिचकतो तोराहला, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाला. म्हणजे रोगाने शरीर पोखरलं, माणूसपण गेलं, पण श्रद्धा मात्र आत शिल्लक राहिली आणि आता तीच त्याला जाळते. निव्वळ शापाच्या कथेला हे कधी सुचलं नसतं.

या कादंबरीवरचा पहिला चित्रपट ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’, 1964 चा, विन्सेंट प्राइस नायक असलेला. चित्रण रोममध्ये झालं. पटकथेतले बदल मॅथेसनला पटले नाहीत म्हणून त्याने आपल्या नावाऐवजी लोगन स्वॉन्सन असं टोपणनाव लावलं. तरीही त्याची सुरुवात बघाच. नायक सकाळी उठतो, भिंतीवर दिवस खोडतो, दारावरची वाळलेली लसूण बदलतो, लेथवर मेखा तासतो, रस्त्यात पडलेली प्रेतं गाडीत टाकून एका धगधगत्या खड्ड्यात नेऊन टाकतो. जगबुडीनंतरचं आयुष्य म्हणजे न संपणारी घरकामं, हे इतक्या शांतपणे दाखवणारे चित्रपट मी फार थोडे पाहिलेत. रात्र झाली की त्याचा जुना सहकारी अंगणात येऊन त्याला नावाने हाका मारतो. जॉर्ज रोमेरोने आपल्या 1968 च्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मागे मॅथेसनची हीच कादंबरी असल्याचं मोकळेपणाने मान्य केलं होतं. आजच्या झोंबीपटांचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

पुढे या गोष्टीचा शेवट सांगतेय, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. नायकाला उशिरा कळतं, की रोग झालेल्या काही जणांनी औषधावर तो काबूत ठेवलाय आणि ते नवा समाज उभा करताहेत. भरदिवसा घरांत शिरून झोपलेल्या माणसांच्या छातीत मेखा ठोकणारा एक राक्षस त्यांच्या गोष्टींमध्ये आहे, आणि तो राक्षस म्हणजे हा. आपण तासभर ज्याच्या बाजूने होतो त्याच्याकडे एकदम पलीकडून बघावं लागतं. व्हॅम्पायर हे सैतानाचे दूत असते तर ही उलथापालथ शक्यच नव्हती. ते रोगी आहेत, म्हणून त्यांना बाजू आहे.

परग्रहावरून आलेल्या व्हॅम्पायरांचंही असंच. रॉजर कॉर्मनच्या 1957 च्या ‘नॉट ऑफ धिस अर्थ’मध्ये काळा चष्मा लावलेला एक सभ्य गृहस्थ घरी रक्त चढवून घ्यायला परिचारिका नेमतो. त्याच्या ग्रहावर अणुयुद्धामुळे सगळ्यांचं रक्त नासत चाललंय, आणि माणसांचं रक्त उपयोगी पडेल का हे तपासायला त्याला इथे पाठवलंय. तो सरकारी कामावर आलाय, वरच्यांना नेमाने अहवाल देतो. चित्रपट तासाभराहून थोडाच मोठा, पण अणुबाँबच्या त्या दशकातली धास्ती त्यात ठासून भरली आहे.

1966 च्या ‘क्वीन ऑफ ब्लड’ची तर जन्मकथाच वेगळी. कॉर्मनने सोव्हिएत अंतराळपटांचे हक्क घेतले होते; त्यातली भव्य यानं आणि ग्रहांची दृश्यं घेऊन दिग्दर्शक कर्टिस हॅरिंग्टनने त्याभोवती नवी गोष्ट रचली. मंगळाजवळून एका परग्रहावरच्या स्त्रीला वाचवून आणलं जातं. फ्लॉरेन्स मार्लीने ती हिरव्या कातडीची राणी एक शब्दही न बोलता उभी केलीय, नुसत्या नजरेने आणि हसण्याने. ती एका अंतराळवीराचं रक्त पिते तेव्हा बाकीचे तिला मारत नाहीत. तिचा आहारच तो आहे, तर तिला दोष कसा द्यायचा? यानावरचं साठवलेलं रक्तद्रव तिला देऊया, असं ठरतं. मग रक्तद्रव संपतं. हा पेच मला सुळे दाखवणाऱ्या दहा दृश्यांपेक्षा जास्त अस्वस्थ करतो, कारण सगळे शहाण्यासारखे वागत असतात आणि तरीही मरत असतात.

आता थोडा हिशेब करू, कारण या प्रकारातली खरी मजा हिशेबात आहे. एक व्हॅम्पायर महिन्याला एकाला चावतो आणि चावलेला प्रत्येक जण व्हॅम्पायर होतो असं धरा. दर महिन्याला संख्या दुप्पट. तेहतिसाव्या महिन्यात आकडा 800 कोटींच्या पुढे जातो, म्हणजे पावणेतीन वर्षांत चावायला कोणी उरत नाही. खऱ्या रक्तपायी वटवाघळांकडे पाहिलं तर हे आणखी बिकट होतं. रक्त हे तसं निकस अन्न: बहुतेक पाणी, प्रथिनं पुष्कळ, स्निग्ध पदार्थ नावाला. त्यामुळे या वटवाघळांना चरबी साठवता येत नाही आणि लागोपाठ दोन-तीन रात्री उपास घडला तर जीव जातो. पोट भरलेलं वटवाघूळ उपाशी सोबत्याला आपल्या पोटातलं रक्त ओकून भरवतं, हे जेराल्ड विल्किन्सनने 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवलं. रक्तावर जगणारा प्राणी कायम मरणाच्या काठावर असतो आणि समाज केल्याशिवाय त्याचं भागत नाही. गढीत एकटा राहणारा ऐटबाज उमराव जीवशास्त्रात बसतच नाही.

चांगले चित्रपट हा हिशेब मनावर घेतात. ऑस्ट्रेलियातला 1979 चा ‘थर्स्ट’ माणसांची गोठ्यासारखी व्यवस्था दाखवतो: स्वच्छ इमारती, पांढरे कोट, ठरल्या वेळी रक्त काढून घेणं. 2009 च्या ‘डेब्रेकर्स’मध्ये तर सगळा समाजच व्हॅम्पायर झालाय, रक्त घातलेली कॉफी विकत मिळते, आणि माणसं संपत आल्याने टंचाई सुरू झालीय. ज्यांना रक्त परवडत नाही ते हळूहळू पशू होत जातात आणि रस्त्यावरून उचलले जातात. रक्ताच्या जागी पाणी, तेल, धान्य काहीही ठेवून बघा. त्याच्या उत्तरार्धातल्या मारामाऱ्या मला तितक्या आवडत नाहीत, पण पहिल्या अर्ध्या तासात उभं केलेलं जग विलक्षण आहे.

आणि पुठ्ठ्याबद्दल. मारियो बाव्हाने 1965 मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द व्हॅम्पायर्स’ काढला तेव्हा त्याच्याकडे परग्रह उभारायला पैसेच नव्हते. एका जुन्या पौराणिक चित्रपटातले उरलेले दोन प्लॅस्टिकचे खडक मिळाले, ते त्याने आरशांच्या मदतीने अनेक करून दाखवले आणि उणीव झाकायला सगळीकडे धुकं सोडलं, त्यावर लाल, हिरवा, जांभळा प्रकाश टाकला. त्या धुक्यात पुरलेले सहकारी थडग्यातून उठतात, अंगावरचं प्लॅस्टिकचं आवरण फाडतात. खरं तर यात रक्त कोणी पीत नाही, शरीर नसलेले जीव मेलेल्यांची शरीरं वापरतात, तरी मी याला याच घराण्यात धरते. एका उजाड यानात राक्षसी आकाराचा सांगाडा सापडतो ते दृश्य आणि 1979 चा ‘एलियन’ शेजारी ठेवून पाहा, नातं लगेच दिसेल. भरपूर पैसे असते तर बाव्हाने खडकांचे डोंगर उभे केले असते आणि ते धुकं कोणाला सुचलं नसतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

पैसा मिळाला की काय होतं तेही पाहिलंय. 1985 चा ‘लाइफफोर्स’ हा टोब हूपरचा चित्रपट, कॉलिन विल्सनच्या ‘द स्पेस व्हॅम्पायर्स’ या 1976 च्या कादंबरीवरचा. ‘एलियन’ लिहिणारा डॅन ओबॅनन हाच त्याच्या दोन पटकथाकारांपैकी एक. हॅलेच्या धूमकेतूत दडलेलं अवाढव्य यान, रक्ताऐवजी प्राणशक्ती शोषणारे जीव, दोन तासांत भक्ष्य मिळालं नाही तर धूळ होणारे बळी, आणि त्यातून पेटलेलं लंडन. तेव्हा तो सपशेल आपटला. मला तो आवडतो, कारण त्याला स्वतःच्या कल्पनेची लाज वाटत नाही, ती तो शेवटापर्यंत ताणतो. याउलट विज्ञान म्हणजे नुसती अतिनील किरणांची बंदूक असं समजणारे नवे चित्रपट मला कोरडे वाटतात. त्यात भुकेचा प्रश्नच नसतो.

सुरुवात करायची असेल तर ‘द लास्ट मॅन ऑन अर्थ’ने करा, अमेरिकेत तो सार्वजनिक मालकीत, म्हणजे कोणाचेच हक्क नसलेला, असल्याने सहज मिळतो. नंतर ‘क्वीन ऑफ ब्लड’. बाव्हाचा चित्रपट मात्र चांगल्या प्रतीतच बघा, फिकट प्रतीत त्यातला रंग मरतो आणि रंग हाच त्याचा जीव आहे. ‘लाइफफोर्स’ घ्याल तर 116 मिनिटांचाच घ्या, अमेरिकेत दाखवला गेलेला काटछाट केलेला छोटा नको; त्या काटछाटीत हेन्री मॅन्सिनीच्या संगीताचाही बराच भाग गेला होता.