लसीच्या आधी बाळाला प्रोबायोटिक ड्रॉप्स दिले तर लस जास्त लागू पडते का?

नाही, निव्वळ लस चांगली लागू पडावी म्हणून दीड महिन्याच्या बाळाला प्रोबायोटिक (म्हणजे पोटासाठी चांगले जिवंत बॅक्टेरिया) सुरू करायची गरज नाही. कल्पना तशी हवेतली नाहीये, पोलिओ आणि रोटाव्हायरसचे (बाळांना जुलाब करणारा विषाणू) थेंब आतड्यातच काम करतात त्यामुळे तिथले चांगले बॅक्टेरिया वाढवले तर फायदा होईल असं वाटणारच, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पाच आठवड्यांच्या ६२० बाळांवर ते करूनही बघितलं, काहींना लॅक्टोबॅसिलस (एक प्रोबायोटिक बॅक्टेरिया), काहींना झिंक, काहींना दोन्ही, काहींना नुसतं प्लासिबो (औषध नसलेला दिखाऊ डोस). दोन्ही मिळालेल्या बाळांत रोटाव्हायरसचा प्रतिसाद थोडासा वाढला, पोलिओत काही खास फरक नाही. मांडीत टोचतात त्या लसींवरचे अभ्यास तर एकमेकांशी जुळतच नाहीत, प्रत्येकात बॅक्टेरिया वेगळा, डोस वेगळा (मेडिकलवाला मात्र एकच बाटली सगळ्याला देतो). डॉक्टरांनी जुलाबासाठी वगैरे आधीच दिलं असेल तर लसीसाठी बंद करू नका. फक्त बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात नको, अशा बाळांत तेच बॅक्टेरिया रक्तात जाऊन इन्फेक्शन होऊ शकतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०२३ मध्ये तसा इशाराच दिलाय.