पी ०५११ आला म्हणून लगेच आयडल मोटार बदलू नका

गाडी सिग्नलला बंद पडते आणि पी ०५११ कोड येतो, हे तुम्ही लिहिलंय हुबेहूब तसंच माझ्या गाडीचं झालं होतं. इंजिन तापलं की सिग्नलला आरपीएम पडून गाडी बंद, चेक लाइट, स्कॅनरवर (गाडीतले दोष वाचायचं यंत्र) पी ०५११ हा दोषाचा कोड, आणि मेकॅनिक म्हणतो ‘आयडल मोटार गेली’ (अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिनला लागणारी हवा सांभाळणारी मोटार). म्हणून सविस्तर लिहितोय.

थ्रॉटल बॉडी, बॅटरीचे टर्मिनल, व्हॅक्यूमचे पाइप तुम्ही बघितलेच असतील. त्यात शिरत नाही.

हा कोड आयडल एअर कंट्रोलच्या, म्हणजे या मोटारीच्या, सर्किटचा आहे. त्यात मोटार आली, कपलर (वायर जोडायचा प्लग) आला, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आला आणि मधली वायरही आली. लातूरच्या ज्या सर्व्हिस सेंटरला मी गाडी दिली (नाव घेत नाही) त्यांनी वायरला हातच लावला नाही. आधी मोटार बदलली. आठ दिवस गाडी नीट चालली, मग औसा रोडला भर चौकात बंद पडली. मग म्हणाले ईसीयू बदला, आणि वायर तपासली का हे न विचारता मी हो म्हणालो. सगळ्यात महागात पडली ती हीच चूक. दोन्ही मिळून २६ हजार गेले. इलेक्ट्रिकल पार्ट परत घेत नाहीत. जुना ईसीयूसुद्धा मला दिला नाही. तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळा ‘साहेब बाहेर गेलेत’. अजून आठवलं तरी डोकं तापतं.

दोष सापडला मुरूडच्या एका वायरमनकडे, अर्ध्या तासात. इंजिन चालू ठेवून तो वायरिंग हाताने हलवत गेला. एका जागी हात लागला की आरपीएम डगमगायचा. टेप सोडली तर उंदराने कुरतडलेली वायर, आत तांब्याची एकच तार शिल्लक. ऊसतोड झाली की रानातले उंदीर वस्तीकडे येतात, आणि माझी गाडी गोठ्याशेजारीच उभी असते.

इथेच मीटर फसवतो. एक तार शाबूत असली तरी कंटिन्युइटीचा, म्हणजे वायर सलग असल्याचा, बीप वाजतो. म्हणून बॅटरीचा टर्मिनल काढा, मोटार आणि ईसीयू दोन्हीकडचे कपलर सोडा, आणि त्या वायरमधून बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब पेटवून बघा. मंद पेटला तर वायर खराब, पण नीट पेटला म्हणून वायर चांगलीच असं समजू नका. ईसीयू जोडलेला असताना हे अजिबात करू नका, तो जळू शकतो.

मोटार चार वायरची स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) असेल तर आत दोन कॉइल असतात. दोन्हींचा ओहम (रेझिस्टन्स) जवळजवळ सारखा यायला हवा. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा, तो गाडीगणिक वेगळा असतो. मी काही मेकॅनिक नाही, आणि हे केबलच्या अ‍ॅक्सिलरेटरवाल्या जुन्या पेट्रोल गाड्यांचं सांगतोय. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये वेगळी आयडल मोटार नसते.

उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखू ठेवून पाहिली, मला तरी फरक पडला नाही. वायरिंगवर कोरुगेटेड पाइप चढवला, तो टिकलाय.

आणि कोड पुसायच्या किंवा बॅटरी काढायच्या आधी स्कॅनरवरच्या फ्रीज फ्रेमचा फोटो काढून ठेवा. दोष आला तेव्हा इंजिन किती तापलं होतं ते त्यात दिसतं. तो फोटो टाका, आणि वायर हलवल्यावर आरपीएम कुठे डगमगतो तेही लिहा.