पडद्यावरचा ‘हॅम्लेट’ आणि आपला कान

प्रश्न : नोकरीतला माझा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत झाला. ‘मकबूल’ फार आवडला, म्हणून केनेथ ब्राना यांचा १९९६ चा ‘हॅम्लेट’ पाहायला बसलो. पण दुसऱ्या प्रवेशातच धागा सुटला. माझे इंग्रजी कमी पडते का? आधी कथानक वाचले तर गोडी जाईल का? सबटायटल लावावेत का?
— एक वाचक, विलेपार्ले, मुंबई

उत्तर : आपले इंग्रजी कमी पडलेले नाही. ‘मकबूल’मध्ये (२००३) विशाल भारद्वाज यांनी ‘मॅक्बेथ’चे कथानक आपल्या मुंबईच्या गुन्हेगारी जगात आणताना शेक्सपिअरचे काव्य बाजूला ठेवले. ब्राना यांनी मात्र संहितेला कात्री लावली नाही, म्हणूनच त्यांचा चित्रपट चार तास चालतो.

हे काव्य मुळात ऐकण्यासाठी लिहिलेले आहे. लंडनच्या उघड्या नाट्यगृहात प्रयोग भर दुपारी होत, त्यामुळे मध्यरात्र आणि थंडी शब्दांनीच उभी करावी लागे. पहिल्याच प्रवेशात पहारेकरी बारा वाजल्याचे आणि कडाक्याच्या गारठ्याचे बोलतात ते त्यासाठी. पडद्यावर अंधार आणि बर्फ डोळ्यांना आधीच दिसत असल्याने ते शब्द फाजील वाटतात, कान सैल पडतो, आणि थोड्याच वेळात हॅम्लेटचा मित्र होरेशिओ नॉर्वे-डेन्मार्कच्या जुन्या वैराची हकिकत सांगू लागतो, तेव्हा आपले लक्ष भलतीकडेच असते.

आपला धागा जिथे सुटला, तिथली अडचण वाक्यरचनेची आहे. भावाच्या विधवेशी आपण विवाह केला, एवढेच राजा क्लॉडिअसला दरबारात सांगायचे आहे. पण राणीचा उल्लेख वाक्याच्या पहिल्या ओळीत येतो, ‘पत्नी केले’ हे सातव्या ओळीत, आणि मधल्या ओळींत आनंद व शोक यांचा तराजू झुलत राहतो. (क्रियापदासाठी वाक्याच्या शेवटापर्यंत थांबण्याची सवय मराठी माणसाला जन्मजात आहे, त्याला हे खरे तर इंग्रजांपेक्षा सोपे जायला हवे!) माझ्या मते ही लांबण मुद्दाम आहे, कारण राजाला लाजिरवाणी गोष्ट अलंकारांत गुंडाळायची आहे. एवढे एकच भाषण आधी मोठ्याने वाचा आणि मग पाहा.

कथानक जरूर वाचा. सुभद्रा शेवटी अर्जुनालाच मिळणार हे ठाऊक असूनही १८८२ पासून लोक ‘सौभद्र’ ऐकत आले आहेत. आगरकरांचे ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चेच मराठी रूप आहे, पण त्याची भाषा एकोणिसाव्या शतकातली, तेव्हा सुरुवात त्याने नको.

सबटायटल पहिल्यांदा पाहताना इंग्रजीच लावावेत, मात्र दोन धोके ध्यानात असू द्यावेत. नजर पडद्याच्या तळाशी खिळते आणि नटाचा चेहरा हुकतो. शिवाय अर्थ बदललेले शब्द डोळ्यांसमोर असूनही फसवतात, जसे ‘प्रेझेंटली’ म्हणजे तिथे ‘थोड्या वेळाने’ नव्हे, तर ‘ताबडतोब’. नाटकाचे अंक पाच आहेत, तेव्हा चार तासांची बैठक न मारता रोज एक अंक पाहावा. आणि तेही जड वाटले, तर लॉरेन्स ऑलिव्हिए यांचा १९४८ चा ‘हॅम्लेट’ आधी पाहावा, कारण त्यात राजपुत्र फोर्टिनब्राससकट नॉर्वेचे उपकथानकच वगळलेले आहे.